शिडीवाल्यापुढची ऑफर

रविवारपासून मी एका शिडीवर चिडून आहे.

आचऱ्याजवळचं कौलारू घर, भोवती ९ गुंठे, चार हापूसची कलमं आणि एक वाकडा माड. मालक ४० लाखांवर बसलेले, मी ३६ वर. एजंट म्हणाला, "भाव वाढवायचा नसेल तर ऑफर गोड करा." म्हणून मी फाईल बांधली आणि पुण्याहून करूळ घाट उतरलो. मुदत ठेवींच्या पावत्या, महिन्याभरात खरेदीखत, घर आहे तसं घेणार, यंदाचा आंबा मालकाचाच. सोबत शेतकरी दाखलासुद्धा. १९४८ च्या कुळकायद्यामुळे शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. वडिलांकडून आलेल्या ७ गुंठ्यांमुळे मी कागदोपत्री शेतकरी आहे. मेथी आणि कोथिंबिरीत अजून गोंधळ होतो, ते कुणी विचारत नाही.

पडवीत मालक, मालकीणबाई, दोन भाऊ आणि मधोमध भिंतीला टेकवलेल्या शिडीवर हात ठेवून एक आजोबा. सगळ्यांत वयस्कर, सगळ्यांत गप्प. म्हणजे शब्द यांचाच चालणार, असा मी हिशेब केला आणि फाईल थेट त्यांच्यापुढे उघडली.

त्यांनी पावत्या हात लांब करून वाचल्या.

"ह्या सगळा तुमचा?"

"हो," मी जरा ऐटीतच म्हणालो.

"मगे चार लाखांसाठी कित्याक रडतास?"

ऐपत दाखवली की विकणाऱ्याचा विश्वास बसतो, असं एजंटने सांगितलं होतं. पुढे काय होतं ते सांगितलं नव्हतं.

मी पान उलटलं. "घर आहे तसं घेतो. दुरुस्ती मागणार नाही."

"कौलां गळतत. वाशांक वाळवी. न्हाणीची भिंत पडाक इली."

मालकांनी घसा खाकरला.

"चालेल. आहे तसं."

"म्हंजे पाडतलास."

पडवी चिडीचूप. मालकीणबाई उठून आत गेल्या. चहा येणार होता, तो आलाच नाही.

घाईघाईने मी आंब्यावर आलो. "यंदाचा आंबा तुमचाच."

चेहरा उजळला. "दोन पेटी माझ्या घराकडे पोचवशात?"

पोचवीन म्हटलं. इसार रोख देतास का, असंही विचारून झालं. जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, हे मी समजावलं. त्यांनी माझ्याकडे नवशिक्याकडे बघावं तसं बघितलं आणि ३८ वर आणून सोडलं. मग उठले, शिडी खांद्यावर घेतली. "येतंय मी. नारळ पाडूचे आसत."

"उद्या परत आणून द्या हां," मालक म्हणाले.

मी विचारलं, "हे तुमचे काका ना?"

"छे हो! मागच्या घरातले. शिडी न्यायला आले होते."

"मग मघाशी सांगायचं ना!"

"तुम्ही इतकं मनापासून बोलत होता." थोडं थांबून, "पण ३८ तुम्हीच म्हणालात हां."

तासभर चाललं होतं हे सगळं! त्यातल्या एकालाही मला थांबवावंसं वाटलं नाही. आणि मग, अगदी निघताना, सातबारा दाखवला. अकरा नावं. एक कुवेतला, दोन डोंबिवलीत पण एकमेकांशी अबोला, आत्या वारलेली आणि वारसनोंद नाही. अकरा सह्यांशिवाय खरेदीखत होत नाही, मग मी महिन्याभराची बढाई कुणापुढे मारत होतो? आणि हा उतारा फोनवर पाठवायला काय झालं होतं? माझं पेट्रोल, माझा रविवार, शिवाय वर चढलेले दोन लाख.

काल संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"पेट्यांचा ध्यानात आसा मां?"

मी हो म्हणालो.