‘कॉलेज रोडवर बसून अक्कल शिकवू नका’ म्हणणाऱ्या वाचकास

बेथेस्डा कंपनीच्या ‘एल्डर स्क्रोल्स ६’ या गेममध्ये लेव्हल स्केलिंग (म्हणजे तुमची लेव्हल चढली की शत्रूही सोबत तगडे होणं) जुन्या वळणावर जाऊ नये, असं मी लिहिलं. त्यावर तुमची पहिलीच ओळ: "कॉलेज रोडवर बसून बेथेस्डाला अक्कल शिकवू नका." मुद्दा पटला नाही तर तसं सांगा की, पत्ता कशाला काढता? शिवाय मी नाशिकच्या सिडकोत राहतो.

एक मात्र तुमचं बरोबर. ‘सायबरपंक’ गेमचं २.० अपडेट सप्टेंबर २०२३चं, मी २०२२ लिहिलं होतं. सुधारलंय.

आता तुमचं वाक्य: "स्केलिंगशिवाय ओपन वर्ल्ड चालतच नाही." हे सांगताय कोणाला? याच मालिकेतला २००६चा ‘ऑब्लिव्हियन’ माझ्या मशीनवर २००७ पासून आहे. त्यात सात मेजर स्किल्स, म्हणजे आपण निवडलेली मुख्य कौशल्यं. सगळ्या मिळून दहा वेळा वाढल्या की झोपायचं, लेव्हल चढते. मेजरमध्ये अ‍ॅथलेटिक्स (पळणं) आणि अ‍ॅक्रोबॅटिक्स (उड्या) घेतलं असेल तर नुसतं पळून आणि उड्या मारूनच चढते. तलवारीचा हात तिथेच, शत्रू मात्र तगडे. एखाद्या अ‍ॅट्रिब्यूटला (ताकद, दमसास असे मूळ गुण) +५ हवं तर त्याच्या स्किल्स त्या लेव्हलमध्ये दहा वेळा वाढायला हव्यात, म्हणून लोक मोजायला वही घेऊन बसायचे. दर लेव्हलला हेल्थ वाढते ती एन्ड्युरन्सच्या, म्हणजे दमसासाच्या, दहाव्या भागाइतकी. एन्ड्युरन्स उशिरा वाढवलात तर मागचं भरून मिळत नाही, गेलं ते गेलं.

आणि तो वाटमाऱ्या! तुमची लेव्हल चढली की हा गडी हजारोंचं काचेचं चिलखत घालून रस्त्यात उभा, आणि मागतो काय तर १०० नाणी. अरे बाबा, चिलखत विक आणि घरी बस. २०२५च्या रीमास्टरमध्ये वहीची कटकट गेली (लेव्हलला १२ पॉइंट, एका अ‍ॅट्रिब्यूटला जास्तीत जास्त ५), पण शत्रू तुमच्यासोबत चढतात ते चढतातच.

याउलट ‘फॉलआउट: न्यू वेगास’ हा गेम, २०१०. सुरुवातीच्या गुडस्प्रिंग्स गावाहून उत्तरेला गेलात की कॅझॅडोर आणि डेथक्लॉ हे राक्षसी प्राणी फाडून खातात. मुकाट्याने दक्षिणेचा लांबचा रस्ता धरावा लागतो आणि वीस लेव्हलनंतर तिथेच परत जाऊन हिशोब चुकता करता येतो. चाललं की ओपन वर्ल्ड! ‘एल्डर स्क्रोल्स’च्याच ‘स्कायरिम’मध्ये स्केलिंग आहे, पण बऱ्याच जागी शत्रूंच्या लेव्हलला किमान-कमाल मर्यादा आहे, आणि मॅमथ राखणारा जायंट नवख्याला सोट्याच्या एका फटक्यात आभाळात धाडतो. हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्या तुमच्या मांड्या बघून आडव्या होत नाहीत. नाही झेपत? आधी पांडवलेणी चढा.

इन्व्हेंटरी, डायलॉग, इंजिन यावरच्या तुमच्या ओळींना उत्तर देण्यासारखं काही दिसलं नाही. "गेम आला नाही तोच रडगाणं" म्हणे. घोषणा २०१८ची आहे. बोलायचं ते आत्ताच, विकत घेतल्यावर काय आरती ओवाळायची?

पुन्हा लिहाल तेव्हा एवढं बघून या: डिफिकल्टीचा स्लायडर मार किती बसतो ते बदलतो. स्केलिंग समोर कोण उभा राहणार ते ठरवतं. तुमच्या पाच ओळींत दोन्हींची खिचडी झालीय.