आधी काय बघू, ते तरी सांगा!

दर उन्हाळ्यात तेच. भाचा सुट्टीला सोलापुरात येतो, बाहेर ४२ अंश, आणि कूलरसमोर मांडी ठोकून विचारतो, "मामा, ड्रॅगन बॉल कुठनं सुरू करू?" काय सांगू, कपाळ?

हे जपानी कार्टून, गोकू त्याचा हिरो. १९८६ची मूळ मालिका, १५३ भाग. मग तिची पुढची मालिका झेड, २९१ भाग. त्याचंच काटछाट केलेलं 'काई'. जीटी १९९६ची, सुपर २०१५ची. पण सुपरची गोष्ट घडते कधी? माजिन बू हा व्हिलन मेल्यावर, झेडच्या अगदी शेवटच्या भागांच्या आधी! म्हणजे झेड संपत आलं की थांबायचं, १३१ भागांचं सुपर उरकायचं, मग परत झेडला यायचं. कोण करतं असलं?

सात रस्ता चौकात चहा पिताना दोस्ताला विचारलं. "मूळ सोड बे, डायरेक्ट झेड लाव." दुसरा भडकला, "पाया सोडून माडी बांधतो व्हय बे?" तासभर जुंपली. चहाचे पैसे मीच दिले.

घरी आलो तर पोरगं कडक भाकरीवर शेंगाचटणी घेऊन जीटी बघत बसलेलं.

"मामा, हा गोकू परत लहान कसा झाला?"