निळी रेघ पुसली

आज सकाळपासून डोकं फिरलंय. दूध आणायला खाली उतरले तर समोरच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये वॉचमन स्टुलावर चढून खांबाला पांढरा डिस्टेंपर फासत होता. काल संध्याकाळीच आमच्या पोरांनी तिथे चिपळूणच्या पुराची निळी रेघ मारली होती. पार वर, स्लॅबला टेकेल अशी, जराशी वाकडीच, आणि खाली लिहिलेलं ‘२२ जुलै २०२१, पाणी इथपर्यंत’. बास एवढंच. रात्र उलटली नाही तर पुसली पण!

पोरं म्हणजे माझी पुतणी आणि तिच्या कॉलेजातली सात-आठ जणं. गेले दोन महिने दर रविवारी हातात टेप घेऊन वडनाक्यापासून चिंचनाक्यापर्यंत घरोघरी फिरतायत, काका तुमच्याकडे पाणी कुठवर होतं, दाखवा ना. लोक दाखवतात, सरबत देतात, पुराच्या गोष्टी सांगतात. मग ही पोरं हळूच आपला विषय काढतात, की अरबी समुद्र तापतोय, तापलेल्या समुद्रावरून बाष्प जास्त येतं म्हणून महिनाभराचा पाऊस दोन दिवसात कोसळतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काढलंय म्हणे, १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात अशा अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पुतणीने हे सगळं आमच्या मासळीवाल्या मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, समुद्राचं मला काय सांगतेस गो, मीच सांगते तुला. आणि अर्धा तास सांगत बसली. पुतणी वहीत लिहून घेत होती.

आणि पुसायचं कारण काय? तर चेअरमनसाहेब म्हणे, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायचाय, पार्टी बघायला येणार आहे, आणि त्यात ही ‘निळी रेषा’ मारून ठेवलीत! चिपळूणबाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगते, आमच्याकडे निळी रेषा लाल रेषा म्हटलं की नदीची सरकारी पूररेषा, म्हणजे बांधकामाच्या परवानग्या अडकल्या, म्हणजे लोकांच्या पोटात गोळा. अहो पण तो आमच्या खिडकीच्या ग्रीलचा उरलेला ऑइलपेंट होता! घरात हिरवा उरला असता तर हिरवी मारली असती.

परवानगी विचारली नव्हती हे खरं. विचारायला हवी होती. ठीक आहे.

पण तो पूर तुम्ही पाहिलाय ना? मी अजून रात्री दचकून उठते. २२ तारखेला पहाटेपासून पाणी चढत होतं, आम्ही सासूबाईंना उचलून माडीवर नेलं, खालचं सगळं सोडून दिलं. लाईट नाही, फोन मेलेले. संध्याकाळी अंधार पडल्यावर खाली जिन्याशी ठक, ठक असा आवाज यायला लागला. पुतणी तेव्हा सातवीत, माझा पदर धरून म्हणाली, काकू कोणीतरी दार वाजवतंय. ह्यांनी बॅटरी मारून बघितलं तर फ्रिज. कोणाचा तरी फ्रिज तरंगत आत आलेला आणि कठड्यावर आपटत होता. रात्रभर. तो फ्रिज कोणाचा ते आजतागायत कळलेलं नाही.

त्याच दिवशी आपले एसटीचे आगारप्रमुख डेपोची नऊ लाखांची कॅश सांभाळत बसच्या टपावर तासन्‌तास बसून होते. आपलं १८६४ सालचं वाचनालय २००५ ला बुडालं होतं, ते २०२१ ला परत बुडालं. हे सगळं आपण पाव्हण्यांना रंगवून सांगतो, आणि खांबावरची एक रेघ मात्र चालत नाही!

आता कमेंटमध्ये येतीलच, क्लायमेट-बिमेट काही नाही, कोळकेवाडी धरणाचं पाणी, कोयनेचं अवजल म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, वाशिष्ठी नदीतला गाळ, वर भरतीची वेळ. असेल बाबा, आहेच. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समिती गाळ काढा म्हणून साखळी उपोषणाला बसली होती तेव्हा मीही जाऊन बसले होते, मला गाळ शिकवू नका. पण ही पोरं कुठे म्हणतायत की गाळ नव्हता? ती म्हणतायत गाळ काढा, डोंगरावरची झाडं कापणारा कटर थांबवा आणि पाऊस आता पूर्वीचा राहिला नाही हेही डोक्यात ठेवा. ह्यात कोणाचं काय घोडं मारलं? वर परत पोरांना ऐकवायचं, ‘आधी बारावीचे मार्क बघा’. ही पिढी मोबाईलमधून डोकं वर काढत नाही म्हणून रडणारे हेच, आणि काढलं की हेच टपली मारतात.

दुपारी पुतणी आली. मला वाटलं रडेल नाहीतर चिडेल. ती म्हणाली, काकू, आपल्या घरात रेघ कुठे आहे गं?

आणि मी गप्प. कारण आमची रेघ मीच पुसली. पूर ओसरल्यावर सगळ्या भिंतींना चिखलाची सरळ रेघ राहिली होती, कोणी पट्टी लावून मारावी तशी. गणपती तोंडावर आलेले. भिंती अजून ओल्या होत्या तरी मी रंग काढून घेतला, म्हटलं बाप्पासमोर हे नको. पोपडे आले, परत काढला. कोणी तेव्हा मला म्हटलं असतं की राहू दे ती रेघ, तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. त्यामुळे चेअरमनना सकाळी खाली उभी राहून जे बोलले त्यातलं अर्धं मागे घेते. अर्धंच.

आत्ता पुतणी जिन्यात उभी आहे ब्रश घेऊन. मी सांगितलं, अकरावी पायरी, तिथे फ्रिज आपटत होता, कठड्याला पोचा आहे बघ अजून. तिने पेन्सिलने खूण केली तेवढ्यात वरून सासूबाई ओरडल्या. ब्याऐंशी वय, गुडघे धरलेले, तरी कठडा धरून धरून दोन पायऱ्या खाली आल्या.

अगो खाली मारतेस, चार बोटं वर घे.