रंग नंतर, आधी वायरिंग

इंजिनच्या कप्प्यात आग लागलेली स्पोर्ट्स कार पुन्हा उभी करण्यावरचा लेख आवडला, पण 'धुवा, रंगवा, मग वायरिंग' हा त्यातला क्रम काही पटला नाही. वायरींचं पीव्हीसी आवरण जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. ओलाव्यात त्याचं आम्ल होतं आणि ज्वाळा पोचल्याच नाहीत अशा कनेक्टरच्या पिनासुद्धा ते खातं. त्यात आग एबीसी पावडरने (अग्निशामक नळकांड्यातल्या कोरड्या पावडरने) विझवली असेल तर आणखीच भर. ती पावडर दमट हवेत ॲल्युमिनियम कुरतडते. तेव्हा धुणं लगेच हवं, यात वाद नाही. पण रंगाच्या आधी वायरिंग हाती घ्या, आणि जळलेल्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) जोड देत बसू नका, अख्खा बदला. तांबं आवरणाखाली बरंच लांबपर्यंत काळं पडलेलं असतं, थोडं सोलून बघा.

सिलिंडर हेडवर, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरांवर बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या वरच्या भागावर, लेखात जेमतेम एक ओळ! ॲल्युमिनियम वितळतं 660 अंश सेल्सिअसला, पण उष्णतासंस्कार केलेल्या मिश्रधातूची ताकद 200 अंशांच्या आसपासच घटू लागते. दिसायला ठणठणीत हेड आतून मऊ पडलेलं असू शकतं. कठीणपणा आणि सपाटी तपासल्याशिवाय ते परत बसवणं म्हणजे जुगारच.

आणि हो, काळ्या, चिकट झालेल्या ओ-रिंगला (गळती रोखणाऱ्या रबरी कडीला) उघड्या हाताने शिवू नका. ती फ्लुओरोरबरची (फ्लोरीन असलेल्या रबराची) असू शकते, आणि तो जळला की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होऊ शकतं, ते फार वाईट.

बाकी, आग लागली कशाने ते लेखात कुठेच नाही. इंधनाची नळी गळत होती की स्टार्टरकडे जाणारी वायर घासली होती? ते कळल्याशिवाय मी तरी किल्ली फिरवली नसती.