रजिस्ट्रेशन नंबर विचारला की लोकांना राग का येतो?

सकाळी सकाळी डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसले. लांबण लागणार, आधीच सांगते.

रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एकानं विचारलं, "मान धरलीया, कोल्हापुरात चांगला कायरोप्रॅक्टर कोण?" (कायरोप्रॅक्टर म्हणजे हातानं झटका देऊन मान-कंबरेचे सांधे मोकळे करणारा.) अर्ध्या तासात सतरा नंबर पडले. 'लई भारी हात आहे.' 'आमच्या मेव्हण्याला एका झटक्यात उभा केला.' वर मान मोडतानाची दोन रील्स, टक्क आवाजासकट. शिकलाय काय, नोंदणी कुठं, एकाच्या तोंडातून अवाक्षर नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, गुण येण्याशी मतलब." त्याला सहा अंगठे. त्यातला एक आमच्या अण्णांचा.

अण्णांचा! ज्यांच्या पायी मी हे सगळं शिकले, त्यांचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षं, त्यातली निम्मी कोल्हापूर-रत्नागिरी. आंबा घाटानं त्यांची कंबर खाल्ली असं आई म्हणते. गेल्या पावसाळ्यात उठता-बसता येईना, तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून एका क्लिनिकमध्ये नेलं. (नाव लिहिणार नाही, इनबॉक्समध्येही विचारू नका.) काचेवर 'डॉ.', आत एसी, कोपऱ्यात प्लास्टिकचा मणका टांगलेला. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "डॉक्टरांची डिग्री कुठली? रजिस्ट्रेशन नंबर?" ती अशी बघाय लागली जणू मी त्यांचा पगार विचारला. आणि अण्णांनी टेबलाखालून मला चिमटा काढला. पंचेचाळिशीच्या बाईला! "असं विचारत्यात व्हय गं कुणाला?"

मी गप्प बसले. त्याचाच राग अजून जात नाही.

भिंतीवर लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट होतं. अण्णा आत असताना जवळ जाऊन वाचलं. पंधरा दिवसांचा कोर्स. पंधरा दिवसांत आमच्याकडं कुणी एसटीचं स्टीअरिंग हातात देत नाही हो!

आता नीट ऐका. कायरोप्रॅक्टिक हा प्रकार 1895 साली अमेरिकेत, आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर यांनी सुरू केला. तिकडं त्याची 'डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक' म्हणजे डी. सी. ही कित्येक वर्षांची पदवी असते आणि राज्याचं लायसन्स लागतं. आपल्याकडं या धंद्याला वेगळी सरकारी परिषदच नाही. म्हणून तर आपणच विचारायचं. डी. सी. आहे म्हणतोय? कुठल्या कॉलेजची, कुठल्या साली? एमबीबीएस, ऑर्थो म्हणतोय? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नंबर दे. फिजिओथेरपिस्ट असेल तर त्यांचीही नोंदणी असते, तो नंबर दे. खरा माणूस चिडत नाही, फ्रेमकडं बोट दाखवतो.

तो टक्क आवाज म्हणजे हाड जागेवर बसलं असं नव्हे. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. बोटं मोडतो तेव्हा होतो तोच. आणि मानेला झटका देणं हा खेळ नाही. क्वचित का होईना, मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झालेले लोक आहेत. हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरला दाखवा. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर कुणाचा 'हात' शोधत बसू नका, रिक्षा करा आणि सीपीआर, म्हणजे आपलं सरकारी हॉस्पिटल, गाठा. आमच्या अण्णांना आत ना गोळ्या विचारल्या, ना एक्स-रे मागितला. पालथं झोपवलं आणि सुरू.

बरं, दोन दिवस आराम पडला. पडला, नाही म्हणत नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पैशाची गंमत तर पुढंच आहे. सुरुवातीलाच विचारलं होतं, मेडिक्लेम होतो का? "होतोय की मॅडम, सगळ्या कंपन्या चालत्यात." दहा सिटिंगचे नऊ हजार आगाऊ भरले. पावती मिळाली साध्या पावतीबुकातली. शिक्का पुसट, नंबर नाही, निदान नाही, 'ट्रीटमेंट' एवढा एक शब्द. क्लेम परत आला. विमा कंपनीवर चार दिवस तडतड केली, मग पॉलिसी काढून वाचली. चोवीस तास दवाखान्यात भरती असेल तर पैसे, ओपीडी नाही. आयुषचं कलम होतं, पण त्यात आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी. कायरोप्रॅक्टिक त्यात बसतच नाही. म्हणजे कंपनीचं बरोबर होतं. लिहिताना जीवावर येतंय, पण होतं. तेव्हा काउंटरवरच्या मुलीला विचारू नका, तिला काय जातंय हो म्हणायला? कंपनीला फोन करा, आणि हो म्हणाले तर ईमेलवर घ्या.

कुणीतरी म्हणेलच, तालमीतले वस्ताद कुठं शिकले होते? बरोबर आहे. अण्णा पोरगे असताना तालमीत जायचे, खांदा निखळला की वस्ताद तेल लावून बसवायचे. पण त्या वस्तादांनी नावाआधी 'डॉ.' लावलं नव्हतं. पॅकेज विकलं नव्हतं. आणि पोराला रोज लाल मातीत बघत होते, कुठलं हाड कसं आहे ते त्यांना ठाऊक होतं.

अण्णांच्या डोक्यात तेच वस्ताद बसलेत, हे मला आत्ता लिहिता लिहिता कळतंय. बरं करणाऱ्या माणसाला कागद मागायचा नसतो, पाया पडायचं असतं, अशी ती पिढी. चिमटा त्यातूनच आला असणार. उगाच ओरडले मी त्यांच्यावर सकाळी.

सध्या राजारामपुरीत एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडं जातात. नंबर पावतीवर छापलेला आहे. व्यायाम दिलेत, ते करत नाहीत, तो वेगळा विषय.

आत्ताच चहा घेऊन आले, चष्मा लावून पाठीमागून सगळं वाचलं. म्हणाले, "चिमट्याचं काढ त्यातलं."

काढणार नाही.