२००४ ची अमेरिकी निवडणूक समलिंगी विवाहबंदीने जिंकून दिली नव्हती

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांचा विषय निघाला की एक विधान हमखास पुढे येते: २००४ मध्ये जॉर्ज बुश दुसऱ्यांदा निवडून आले ते समलिंगी विवाहाच्या मुद्द्यावर. त्यामागची कथा साधारण अशी सांगितली जाते. नोव्हेंबर २००३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायपीठाने चार विरुद्ध तीन अशा निकालाने समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क मान्य केला. फेब्रुवारी २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर गॅव्हिन न्यूसम यांनी अशा जोडप्यांना विवाहाचे परवाने द्यायला सुरुवात केली. बुश यांचे सल्लागार कार्ल रोव्ह यांनी संधी साधली आणि अध्यक्षपदाच्या मतदानादिवशीच अकरा राज्यांत विवाहबंदीची सार्वमते घडवून आणली. त्यासाठी धर्मनिष्ठ मतदार लोंढ्याने बाहेर पडले, ओहायो बुश यांच्या पदरात पडले आणि ओहायोबरोबर अध्यक्षपदही. मतदानकेंद्रांबाहेरच्या चाचणीत 'नैतिक मूल्ये' हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर आला, हा या कथेचा ठेवणीतला पुरावा.

कथा सुटसुटीत आहे आणि तिच्यातील घटना बहुतांशी खऱ्या आहेत. त्या घटनांमधून काढलेला निष्कर्ष मात्र मतमोजणीच्या आकड्यांपुढे टिकत नाही.

पहिला मुद्दा अकरा राज्यांचा. २ नोव्हेंबर २००४ रोजी आर्कान्सा, जॉर्जिया, केंटकी, मिशिगन, मिसिसिपी, मोंटाना, नॉर्थ डकोटा, ओहायो, ओक्लाहोमा, ओरेगन आणि युटा या राज्यांत विवाहाची व्याख्या स्त्री-पुरुषांपुरती मर्यादित करणाऱ्या घटनादुरुस्त्या मतदारांपुढे होत्या. अकराही ठिकाणी त्या मंजूर झाल्या. मिसिसिपीत सुमारे ८६ टक्के मते बाजूने पडली, तर उदारमतवादी गणल्या जाणाऱ्या ओरेगनमध्येही ५७ टक्के. आता या अकरा राज्यांचा २००० चा अध्यक्षपदाचा निकाल २००४ च्या निकालाशेजारी ठेवून पाहावा. एकाही राज्याने पक्ष बदललेला नाही. जी नऊ राज्ये २००० मध्ये बुश यांची होती ती २००४ मध्येही त्यांचीच राहिली, आणि जी दोन, म्हणजे मिशिगन व ओरेगन, २००० चे डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांची होती ती २००४ चे डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी यांच्याकडे गेली. देशभरात फक्त तीन राज्यांनी बाजू बदलली. आयोवा आणि न्यू मेक्सिको बुश यांच्याकडे आले, न्यू हॅम्पशायर केरी यांच्याकडे गेले. या तिन्ही राज्यांत असे सार्वमत नव्हते. फ्लोरिडातही नव्हते, आणि तिथे २००० मधील ५३७ मतांची बहुचर्चित आघाडी २००४ मध्ये पावणेचार लाखांच्या पुढे गेली. उलट ओरेगनमध्ये सार्वमत होते, तरी डेमोक्रॅटिक उमेदवाराची आघाडी अर्ध्या टक्क्याहून कमी होती ती चार टक्क्यांवर पोहोचली.

या विधानाचे समर्थक इथे म्हणतात की बाकीची राज्ये सोडा, प्रश्न ओहायोचा आहे, कारण तिथली वीस प्रतिनिधी-मते (अध्यक्षाची निवड राज्यनिहाय मिळणाऱ्या या मतांवर ठरते) केरी यांना मिळाली असती तर ते अध्यक्ष झाले असते. हे खरे आहे, म्हणून ओहायोकडे जरा बारकाईने पाहू. २००० मध्ये बुश यांनी हे राज्य सुमारे १ लाख ६५ हजार मतांनी, म्हणजे साडेतीन टक्क्यांनी जिंकले होते. २००४ मध्ये, विवाहबंदीचे सार्वमत त्याच मतपत्रिकेवर असताना, ही आघाडी घटून सुमारे १ लाख १८ हजारांवर, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास आली. याच चार वर्षांत देशभरातील चित्र नेमके उलटे होते. २००० मध्ये एकूण मतांत अर्ध्या टक्क्याने मागे असलेले बुश २००४ मध्ये जवळपास अडीच टक्क्यांनी पुढे होते. देश बुश यांच्याकडे सरकत असताना ओहायो त्यांच्यापासून दूर सरकले, आणि त्याच ओहायोला या डावपेचाच्या यशाचा नमुना म्हणून दाखवले जाते! यावर 'सार्वमत नसते तर ओहायो आणखी दूर गेले असते' असा बचाव करता येतो. तिथे कारखान्यांतील नोकऱ्या मोठ्या प्रमाणावर गेल्या होत्या आणि २००० मध्ये गोर यांनी शेवटच्या आठवड्यांत तिथला प्रचार आखडता घेतला होता, त्यामुळे हा बचाव अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. पण तो मान्य केला तरी मूळ विधान पातळ होते, कारण मग 'निवडणूक फिरवली' ऐवजी 'कदाचित थोडी घसरण रोखली' एवढेच शिल्लक राहते.

ओहायोतील मतांचा आणखी एक ताळा फारसा कोणी मांडत नाही. विवाहबंदीच्या बाजूने तिथे सुमारे ३३ लाख मते पडली आणि बुश यांना साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास मिळाली. बुश यांच्या प्रत्येक मतदाराने बंदीच्या बाजूनेच मत दिले असे धरले तरी चार लाखांहून अधिक माणसे अशी उरतात की ज्यांनी बंदीला होकार दिला पण अध्यक्षपदासाठी बुश यांना मत दिले नाही. प्रत्यक्षात हा आकडा याहून मोठाच असणार, कारण बुश यांच्या काही मतदारांनी बंदीविरुद्धही मत दिले असेल. ज्या मुद्द्याने प्रतिपक्षाच्या मतदारांत पाचर मारायची, त्या मुद्द्यावर प्रतिपक्षाचे लाखो मतदार तुमच्याशी सहमत होतात आणि तरीही आपल्याच उमेदवाराला मत देतात, तेव्हा पाचर बसली असे म्हणणे अवघड आहे.

कृष्णवर्णीय मतदारांचा दाखला यापेक्षा वजनदार आहे. चाचणीनुसार ओहायोत बुश यांना या समाजाची ९ टक्के मते २००० मध्ये मिळाली होती आणि २००४ मध्ये १६ टक्के. चर्चमधून झालेल्या प्रचाराचा हा परिणाम असल्याचे सांगितले जाते आणि त्यात तथ्य असू शकते. एका राज्यातील एका समाजापुरता चाचणीचा नमुना लहान असतो, ही नेहमीची हरकत बाजूला ठेवून आकडा जसाच्या तसा घेऊ. ओहायोत सुमारे ५६ लाख लोकांनी मतदान केले आणि त्यांतील साधारण दहावा हिस्सा कृष्णवर्णीय होता. त्यांपैकी सात टक्के म्हणजे चाळीस हजारांच्या आत. ही सगळी मते केरी यांच्याकडून बुश यांच्याकडे वळली असे मानून फरक दुप्पट धरला, तरी तो ऐंशी हजारांच्या पुढे जात नाही. बुश यांची आघाडी त्याहून बरीच मोठी होती.

आता 'नैतिक मूल्ये' या पुराव्याकडे. त्या चाचणीत मतदारांपुढे सात मुद्द्यांची यादी ठेवून त्यांतील एक निवडायला सांगितले होते. २२ टक्क्यांनी नैतिक मूल्ये निवडली, २० टक्क्यांनी अर्थव्यवस्था व रोजगार, १९ टक्क्यांनी दहशतवाद आणि १५ टक्क्यांनी इराक. परराष्ट्र आणि सुरक्षा हा एकच विषय या यादीत दोन भागांत विभागला होता. त्याची बेरीज ३४ टक्के होते आणि नैतिक मूल्यांचा पहिला क्रमांक तिथेच जातो. शिवाय नैतिक मूल्ये या शब्दांत समलिंगी विवाह येतो तसा गर्भपात येतो, उमेदवाराचा प्रामाणिकपणा येतो आणि काहींच्या लेखी इराकवरील आक्रमणाची नीतिमत्ताही येते. निवडणुकीनंतर प्यू संशोधन केंद्राने काही मतदारांना यादी न देता मोकळा प्रश्न विचारला तेव्हा इराक पहिल्या क्रमांकावर आले, आणि समलिंगी विवाहाचे नाव आपणहून घेणारे अगदी थोडे निघाले.

त्याच चाचणीतील दुसऱ्या एका प्रश्नाचा उल्लेख या कथेत सहसा होत नाही. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क असावा म्हणणारे २५ टक्के होते, विवाह नको पण 'सिव्हिल युनियन'ची कायदेशीर मान्यता असावी म्हणणारे ३५ टक्के, आणि कोणतीच मान्यता नको म्हणणारे ३७ टक्के. मधल्या ३५ टक्क्यांत बुश किंचित पुढेच होते. समलिंगी जोडप्यांना काही ना काही कायदेशीर संरक्षण हवे असे मानणाऱ्या लाखो लोकांनीही बुश यांना मत दिले, याचे स्पष्टीकरण विवाहबंदीत सापडत नाही. ११ सप्टेंबरनंतरची पहिली अध्यक्षीय निवडणूक, युद्धकाळात पदावर असलेला अध्यक्ष, आणि मंदीतून सावरू लागलेली अर्थव्यवस्था, ही कारणे रुक्ष असली तरी निकालाशी जास्त जुळतात.

यानंतर रोव्ह यांच्या कथित चाणक्यनीतीचा मुद्दा. इथे बुश यांच्या गोटाची तरफदारी करण्याचे मला काहीच कारण नाही. बुश यांनी २४ फेब्रुवारी २००४ रोजी राष्ट्रीय घटनादुरुस्तीला जाहीर पाठिंबा दिला होता. सप्टेंबरमध्ये बुश यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने आर्कान्सा आणि वेस्ट व्हर्जिनियातील मतदारांना पाठवलेल्या पत्रकावर दोन चित्रे होती: बायबलवर 'बंदी' असा शिक्का, आणि एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाच्या बोटात अंगठी घालण्याच्या प्रसंगावर 'परवानगी' असा शिक्का. उदारमतवादी निवडून आले तर हे होईल, असा त्याचा मतलब होता, आणि ते पत्रक आपलेच असल्याचे समितीला कबूल करावे लागले. बुश यांचे प्रचारप्रमुख केन मेहलमन यांनी २०१० मध्ये स्वतः समलिंगी असल्याचे जाहीर केले, तेव्हा रोव्ह अशा सार्वमतांसाठी प्रयत्नशील होते ही गोष्टही पुढे आली. हेतू होता, खोडसाळपणाही होता.

परंतु सूत्रे एका हातात होती असे चित्र उभे राहत नाही. ओहायोतील सह्यांची मोहीम सिनसिनाटीच्या 'सिटिझन्स फॉर कम्युनिटी व्हॅल्यूज' या संघटनेने चालवली. राज्याचे सचिव केन ब्लॅकवेल तिच्या पाठीशी उभे राहिले, पण रिपब्लिकन गव्हर्नर बॉब टाफ्ट आणि दोन्ही रिपब्लिकन सिनेटर, माइक डिवाइन व जॉर्ज व्हॉइनोव्हिच, यांनी त्या दुरुस्तीला विरोध केला, कारण तिच्या दुसऱ्या वाक्याने अविवाहित जोडप्यांच्या कोणत्याही विवाहसदृश मान्यतेवरच घाला येत होता. राष्ट्रीय घटनादुरुस्ती जुलैमध्ये सिनेटात आली तेव्हा चर्चा थांबवून मतदान घ्यायला साठ मते हवी होती. ती अठ्ठेचाळीसच मिळाली, आणि विरोधकांत जॉन मॅकेन यांच्यासह सहा रिपब्लिकन होते. उपाध्यक्ष डिक चेनी यांनी ऑगस्टमध्ये आयोवातील सभेत आपल्या मुलीचा उल्लेख करून हा विषय राज्यांवर सोडावा असे सांगितले. खुद्द बुश यांनी मतदानाच्या आठवडाभर आधी दूरचित्रवाणीवर सांगितले की राज्यांना सिव्हिल युनियन मान्य करायची असेल तर ती त्यांनी करावी. हुकमी पत्ता हाती असल्याची खात्री असलेला खेळाडू तो ऐन वेळी असा झाकून धरत नाही. आणि तोच पत्ता २००६ मध्ये आठ राज्यांत पुन्हा खेळला गेला, तेव्हा रिपब्लिकन पक्षाने काँग्रेसची दोन्ही सभागृहे गमावली.

मुद्द्याचा परिणाम शून्य होता, असे माझे म्हणणे नाही. डेव्हिड कॅम्पबेल आणि क्विन मॉन्सन या अभ्यासकांच्या मते सार्वमत असलेल्या राज्यांत इव्हँजेलिकल ख्रिस्ती मतदार जास्त संख्येने बाहेर पडले आणि धर्मापासून दूर असलेले काही मतदार घरी बसले. ॲलन अब्रामोविट्झ यांच्या विश्लेषणात मात्र सार्वमत असलेल्या राज्यांत बुश यांना वेगळा लाभ झाल्याचे दिसत नाही. जाणकारांतच असा मतभेद असताना छातीठोकपणे एकच कारण सांगणे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्याला जबाबदार धरणे आहे. २००८ मध्ये फ्लोरिडात विवाहबंदीला सुमारे ६२ टक्के मते मिळाली, कॅलिफोर्नियातही बंदी मंजूर झाली आणि दोन्ही राज्ये ओबामा यांनी जिंकली. ओबामा यांना विवाहबंदीने निवडून आणले असे तेव्हा कोणी म्हटले नाही.

या विधानाची खरी झळ बसली ती त्याच्या शेपटामुळे: 'म्हणून समलिंगी चळवळीने घाई केली आणि डेमोक्रॅटांना बुडवले.' निवडणुकीनंतर सिनेटर डायन फाइनस्टाइन यांनी न्यूसम यांच्या कृतीचा संदर्भ देत सगळे फार जास्त, फार लवकर झाल्याचा सूर लावला होता, आणि तो पुढे बराच काळ घुमत राहिला. पण घाईने वादळ उठवले म्हणावे तर १९९६ चे काय? त्या वर्षी अमेरिकेच्या एकाही राज्यात समलिंगी विवाह होत नव्हता, हवाईतील एक खटला तेवढा चालू होता. तरीही विवाहाची व्याख्या मर्यादित करणारा राष्ट्रीय कायदा सिनेटात ८५ विरुद्ध १४ मतांनी मंजूर झाला, डेमोक्रॅटिक अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर मध्यरात्रीनंतर सही केली, आणि मग त्यांच्याच प्रचारयंत्रणेने ख्रिस्ती रेडिओ केंद्रांवर त्या सहीची जाहिरात केली. त्या चौदा विरोधकांत केरी होते. २००४ मध्ये तेच केरी विवाहाला विरोध, सिव्हिल युनियनला पाठिंबा आणि राष्ट्रीय घटनादुरुस्तीला नकार अशी तीन पदरी भूमिका सभासभांतून समजावत होते. ती भूमिका त्यांच्यावर मॅसॅच्युसेट्सच्या न्यायाधीशांनी लादलेली नव्हती.

पुढे २०१२ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनाने विवाहबंदी मंजूर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ९ मे रोजी, ओबामा यांनी समलिंगी विवाहाला जाहीर पाठिंबा दिला. नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले, मेन, मेरीलँड आणि वॉशिंग्टन या राज्यांतील मतदारांनी विवाहाच्या बाजूने कौल दिला आणि मिनेसोटाने बंदी फेटाळली. ओहायोतील २००४ च्या सार्वमताचा हिशेब मात्र तोवर मिटलेला नव्हता. तिथली बंदी लागू असल्यामुळे सिनसिनाटीचे जिम ओबरगेफेल यांना जुलै २०१३ मध्ये आपल्या मरणासन्न जोडीदाराला, जॉन आर्थर यांना, वैद्यकीय विमानाने मेरीलँडला न्यावे लागले आणि तिथल्या धावपट्टीवर, विमानातच, त्यांचा विवाह झाला. आर्थर यांच्या मृत्युदाखल्यावर पती म्हणून ओबरगेफेल यांचे नाव घालायला ओहायो सरकार तयार नव्हते. त्यावरून चाललेला खटला जून २०१५ मध्ये राष्ट्रीय सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आणि सगळ्याच राज्यांच्या बंद्या रद्द झाल्या. बुश यांची दुसरी कारकीर्द त्याआधी सहा वर्षे संपली होती.