याचं करता काय जी?

परवा बाजाराच्या दिवशी गावातल्या मटणवाल्या भाऊंनी माझ्या टेबलाला भाव लावला. भाव चांगला होता. तेच जास्त लागलं.

टेबल म्हणजे सुतारकामाचं टेबल, ज्याला वर्कबेंच म्हणतात ते. सात फूट लांब, दोन फूट रुंद, वरचा फळा सागाचा चार इंच जाड, पाय बाभळीचे, पाच बाय पाच इंची. अशा टेबलाचा एकच गुण पाहायचा: ते हलता कामा नये. रंधा मारताना माणूस अंगाचा सगळा जोर पुढे लोटतो. टेबल हलकं असलं की रंधा राहतो जागेवर आणि टेबलच भिंतीकडे निघतं. म्हणून वजन. नुसता फळाच ऐंशी-पंचाऐंशी किलोचा आहे, पाय आणि आडव्या पट्ट्या धरून मामला दीडशेच्या घरात जातो. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आंद्रे रूबो नावाचा सुतार होऊन गेला. त्याच्या आकृतीवरून जगभरचे हौशी लोक आजही अशी टेबलं बनवतात. मी ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात बनवलं, बैल विकल्यावर रिकाम्या पडलेल्या कोठ्यात. बैल गेले आणि टेबल आलं, एवढ्यावरूनच गावाने माझ्याबद्दल काय ते ठरवून टाकलं.

सुरुवात बाभळीपासून झाली. आरा मशीनवर न्यायच्या आधी ओंडके ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून दारात उतरवले, आणि संध्याकाळच्या आत गल्लीतले म्हातारे टोप्या घालून हजर. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, कोण गेलं जी?"

"कोणीच नाही गेलं."

"मंग एवढं लाकूड?"

"टेबल बनवतो आहे."

त्यांच्या चेहऱ्यावरची हळहळ होती तशीच राहिली. फक्त ती आता माझ्याबद्दल होती.

टेबल उभं राहिल्यावर गावाने त्याला कामाला लावलं. शेजारच्या वहिनी शेवयाची मशीन घेऊन आल्या. खाटेला लावली की खाट सरकते, म्हणे. पण मशीनचा पंजा चार इंची फळ्यावर बसेना. त्यांनी स्क्रू उलटा पूर्ण मोकळा केला, पंजा खालून लावून पाहिला, वरून लावून पाहिला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की चोरी पकडली.

"एवढं जाडं काहून केलं जी भाऊजी? दोन इंचात भागलं असतं."

भागलं असतं. ज्यांना शेवया करायच्या आहेत त्यांचं भागलं असतं. पोरांनी त्याच्यावर कॅरम ठेवला. फळ्यात लाकूड अडकवायला मुद्दाम पाडलेल्या गोल भोकांमधून सोंगट्या खाली टाकण्याचा नवा खेळ निघाला. गणपती मंडळाचा अध्यक्ष येऊन फूटपट्टीने माप घेऊन गेला. मला विचारलं नाही, टेबलालाच विचारल्यासारखं फळ्यावर दोनदा थापटलं.

हे सगळं मी सहन केलं. पण मटणवाले भाऊ निराळे.

ते खरं म्हणजे मोबाईलवर कसलीशी केवायसी करून घ्यायला आले होते. त्यांचा पोरगा माझ्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे गावातले सगळे ओटीपी अजूनही माझ्या दारावरून जातात. ओटीपीची वाट पाहता पाहता ते कोठ्यात डोकावले आणि एकदम गप्प झाले. चप्पल बाहेर काढली. माझ्या कोठ्यात शिरताना आजवर कुणी चप्पल काढली नव्हती, मीसुद्धा नाही.

आधी त्यांनी टेबलाला हात लावलाच नाही. भोवती एक चक्कर मारली, वाकून खालून पाहिलं. पायाचं कुसू, म्हणजे भोकात बसणारं टोक, फळ्यातून आरपार वर आलंय, त्या चौकोनावरून अंगठा फिरवला. मग फळ्याच्या कोपऱ्याला दोन्ही हात लावून अख्ख्या अंगाने धक्का दिला. भाऊंचं अंग म्हणजे रोज बकरं खांद्यावर टाकणारं अंग. टेबल तसूभर हललं नाही.

"वा," भाऊ म्हणाले.

मला भरून आलं. लाकूड आणल्यापासून हा पहिला "वा". मी लगेच सुरू झालो. सागाचे पट्टे कसे जोडले, उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं आणि पावसाळ्यात फुगतं म्हणून फळा पायाला खिळ्यांनी का जखडायचा नाही, गावच्या लोहाराकडून लोखंडी सळी वाकवून पकड कशी बनवून घेतली. सळी भोकात टाकायची, वरून एक हातोडा मारायचा, लाकूड जागेवर बसतं. मागून एक टिचकी मारली की सुटतं. भाऊंनी ती पकड स्वतः मारून पाहिली, सोडवून पाहिली, परत मारली. आपल्याला भेटला, असं मला वाटलं. इतकी वर्षं गावात राहून शेवटी एक जाणकार भेटला.

"पण साग काहून घेतला जी?" भाऊ म्हणाले.

"म्हणजे? साग टिकतो. त्याला उधई लागत नाही."

"उधईले लागायले टाइम कोठी भेटते? रोज पाणी मारनं, रोज खरडनं. साग धार खाते ना गुरुजी. सत्तूर चार दिवसांत बोथा."

इथे माझ्या डोक्यात पहिली घंटा वाजली. पण मुद्दा बरोबर होता. सागात सिलिका असते, बारीक वाळूच ती, आणि हत्याराची धार ती खरंच खाते. हे मला माझ्या पटाशीने शिकवलं, भाऊंना त्यांच्या सत्तुराने.

"अन् हे पाहा," त्यांनी नखाने फळ्यावर रेघ ओढली, "याचे रेशे आडवे झोपले आहेत. घाव मारला का ढलपी निघन. ढलपी गेली मटणात, गिऱ्हाईक आलं घरावर. रेशे उभे पायजे. बुंधा आडवा कापला ना, का रेशे उभे येते. मंग घाव आत जाते अन् लाकूड त्याले गिळून घेते."

"भाऊ, हे मटणासाठी नाही."

"चिंच घ्याची होती," भाऊ आपल्याच नादात. "चिंचीचा ओंडका. फुटत नाही, वास धरत नाही. माह्या बापाचा ओंडका हाय, मधात असा खड्डा पडला, पण फाटला नाही. पण चिंचीचं एवढं लांब कोठी भेटते म्हना." त्यांनी पुन्हा टेबलाच्या लांबीवर नजर टाकली आणि त्यांचा आवाज हळवा झाला. "दोन बकरे जमतीन जी यावर. एका टायमाले. पोराले तिकडून उभा केला, म्या इकडून."

"भाऊ, हे सुतारकामाचं टेबल आहे."

"हो ना."

"यावर लाकूड कापायचं, रंधायचं. वस्तू बनवायच्या."

"हो, पण याचं करता काय जी?"

हा प्रश्न गावात सगळ्यांनी विचारला होता. पण त्यांनी तो टेबल न बघता विचारला होता, म्हणून तो उडवून लावता येत होता. भाऊंनी टेबल माझ्याइतकंच समजून घेतलं होतं, आणि मग विचारलं. मी म्हणालो, आधी एक स्टूल बनवीन. भाऊंनी दीडशे किलोच्या टेबलाकडे पाहिलं, मनात स्टूल ठेवून पाहिलं, आणि सभ्यपणे विषय बदलला. म्हणाले, आकडा सांगा. मी सांगितला नाही, तर त्यांनीच सांगितला.

हाच टोमणा गावच्या वाढईने आधी मारून ठेवला होता, पण तो निदान त्याच धंद्यातला. म्हातारा आता काम करत नाही. पायांची भोकं पाडायला मदत म्हणून त्याला बोलावलं, तर आल्या आल्या जमिनीवर बसला, पाच इंची बाभूळ दोन्ही तळपायांत धरली आणि पटाशी चालवायला लागला. लाकूड जागचं हलेना. मी शिकंजे लावून, पाचरी ठोकून जे साधत होतो ते त्याच्या टाचा करत होत्या. आपल्याकडचे सुतार पिढ्यान्‌पिढ्या असंच बसून काम करत आले. बैलगाडीची चाकं याच बाभळीची, याच पायांत धरून तासली.

"म्या टेबलाबिगर टेबल बनवतो," तो म्हणाला, "मंग हे टेबल बनवल्यावर तुमी काय बनवान, मास्तर?"

तेव्हा मी हसलो होतो. त्याच्या मुलाला विचारलं, तू का नाही शिकलास? तो चंद्रपूरला मोबाईलच्या दुकानात आहे. म्हणाला, सर, आता दरवाजे फायबरचे येतात, कोण पाय फाकवून बसेल. खरं आहे. आमच्या गावात नवं घर झालं की दरवाजा रंगीत प्लास्टिकचा, त्यावर छापलेला मोर. खिडक्या ॲल्युमिनियमच्या. घरकुल योजनेच्या पैशात लाकडी चौकट बसतच नाही. आणि हे कुठे? ज्या जिल्ह्याच्या जंगलात साग उभा आहे तिथे. बल्लारशाहच्या डेपोत सागाचे लिलाव होतात, शेजारच्या गडचिरोलीत आलापल्लीचं वनवैभव, म्हणजे राखून ठेवलेलं जुनं जंगल, बघायला लांबून माणसं येतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली इथलाच साग गेला, वाजतगाजत गेला. संसदेच्या नव्या इमारतीचं सागवानही नागपूरहून गेलं. अभिमान आहे, नाही कसा. पण ज्याच्या अंगणातून ते लाकूड गेलं त्याच्या न्हाणीघराचं दार पावसात फुगून बंद होत नाही, कारण ते भुश्याच्या पाट्याचं आहे. स्वतःच्या बांधावरचा साग तोडायचा तर 1964 चा झाडतोडीचा कायदा आडवा, परवानगी काढा. तोडला तर हलवायला वाहतूक पास काढा. माझ्या फळ्याचं लाकूड रीतसर घेतलेलं आहे, पावत्या पिशवीत घालून खुंटीला टांगून ठेवल्या आहेत, तरी वनखात्याची जीप थांबली की पोटात गोळा येतोच. जंगल राखायला नियम हवेतच, त्याबद्दल भांडण नाही. पण नियम पाळून, पैसे मोजून, घाम गाळून माणसाने एक टेबल बनवावं आणि गावाने त्याला विचारावं, कोण गेलं?

असो. टेबलाची किंमत मी भाऊंना सांगितली नाही, त्यांनी लावलेली घेतली नाही. विकायचं नाही म्हणालो. भाऊंना राग आला नाही. ते कोठ्याच्या उंबऱ्यावर बसले आणि विचार करू लागले. तेवढ्यात ओटीपी आला आणि त्याची मुदत संपून गेलासुद्धा.

"माह्या वावरात चिंच पडली हाय," ते अखेर म्हणाले. "मागच्या वादळात. बुंधा दोन हातात मावत नाही. त्याचा आडवा काप आणून देतो. त्याले असेच पाय लावून द्या. बाभळीचे. याच जाडीचे. अन् हलला नाही पायजे."

"हलणार नाही."

"उंची कमरेएवढी. पोरगा अजून वाढून राह्यला, तर जरा जास्तच ठेवा. अन् हे जे चौकोन वर येऊन राह्यले ना, हे नको. मटण अटकते."

म्हणजे टेबलाचं करता काय, याचं उत्तर आलं होतं. रूबोच्या नमुन्यावरचं टेबल, त्याच्यावर पहिली ऑर्डर, मटणाचा ओंडका. मी वहीत माप लिहून घेतलं. पैशाचं बोलताना मात्र भाऊ एकदम दुकानदार झाले. पैसे नको, म्हणाले, मटण देतो, वर्षभर बाजाराच्या दिवशी अर्धा किलो. मी म्हटलं, पण पाय पाच इंची, बाभूळ महाग, आरा मशीनची मजुरी वेगळी, तेव्हा पाऊण किलो. ते म्हणाले, पाऊण किलो म्हणजे मांडीचं नाही, मिक्स. मी म्हटलं, मग पायसुद्धा मिक्स, दोन बाभळीचे, दोन आंब्याचे.

भाऊ उठले, चप्पल घातली. "आंब्याचे कोनी लावते काय जी, हलन ना!" म्हणत निघून गेले. केवायसी अजून राहिलीच आहे. श्रावण लागायच्या आत ठरवा, असा निरोप काल पोराच्या हाती आला, आणि खाली टीप: कलेजी धरायची नाही.